पुलावरच्या पहारेकऱ्याचा पगार

"फासा खाली पडला होता, दादा!"

"टेबलावर होता. मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिला."

"अरे, टेबलाच्या पायाशी पडला होता! मी खाली वाकून शोधतोय, तेवढ्यात तू लिहून मोकळासुद्धा झालास?"

"एक पडला. एक पडला की पहारेकरी झोपला. झोपलेल्या रात्रीचा पगार नसतो. कपात रात्र एक, मोहरा चार."

वहिनी आत कपबश्या विसळत होती. तिनं नळ बारीक केला. भांडण ऐकायला नव्हे हो, पाणी वाया जाऊ नये म्हणून, असं ती पुढे सांगायची आणि ऐकणारे गालातल्या गालात हसायचे.

बाहेर काहीतरी फडफडत टेबलावर आपटलं.

"हे बघ! तो हरवलेला फर्मा! सोळाच्या सोळा पानं शोधून आणली तुझ्यासाठी. ड्रॅगनच्या एका गुहेत तीनशे मोहरा सापडतात, इथे छापलंय. आणि तू माझी एक रात्र कापतोस? सख्ख्या भावाची?"

"खिडकीपाशी भाऊ नसतो. खिडकीपाशी नाव असतं, हजेरी असते आणि सही असते."

"मग घाल ती खिडकी चुलीत! माझी रात्र मला दिल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि या घरात पाऊलही टाकणार नाही."

दार असं आपटलं की भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ चालू झालं. नंतर ते कितीतरी दिवस नीट चालत होतं. दोन भावांमधलं बोलणं मात्र त्या दिवशी बंद पडलं ते पडलंच.

कुणी नवखा माणूस जिन्यात उभा असता तर त्याला वाटलं असतं, जमिनीचा वाद आहे, नाहीतर आईच्या दागिन्यांचा. पण रात्र होती ती खेळातली, पूल होता तो खेळातला आणि मोहरा म्हणजे पुठ्ठ्याच्या गोल चकत्या. चार चकत्या! पाठीला पाठ लावून आलेले दोन भाऊ त्यापायी नऊ वर्षं एकमेकांना दुरावले. पण हसायच्या आधी पुढचं ऐकावं. कारण त्या थोरल्याकडे पाहिलं की चार चकत्या म्हणजे काय हे समजतं.

थोरल्याला सगळे पगारमास्तर म्हणत. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते पगाराच्या खिडकीमागे बसले. खिडकी म्हणजे भिंतीत हातभर भोक, त्याला पितळेची जाळी आणि जाळीखाली पाकीट सरकेल एवढी फट. सात तारखेला खिडकी उघडायची. समोर भट्टीवरची माणसं रांगेत, घामानं चिंब. आत पगारमास्तर, शर्टाच्या खिशात दोन पेनं, शेजारी शाईचा पॅड. नाव वाचायचं, पाकीट सरकवायचं, म्हणायचं, "मोजून घ्या." समोरच्यानं मोजलं, सही केली किंवा अंगठा उठवला, की सहीवर टीपकागद दाबायचा आणि म्हणायचं, "पुढचा!" रांगेत शेवटचा माणूस असला तरीही "पुढचा!" म्हणायचंच. मग बाहेर डोकावून बघायचं, खरंच कुणी नाही ना. आणि मग खिडकी बंद.

ज्याला येता आलं नाही, त्याचा पगार त्याच्या घरी. हा काही कारखान्याचा नियम नव्हता. कारखान्याचा नियम होता की न वाटलेला पगार तिजोरीत परत ठेवावा. पगारमास्तरांचा नियम असा की माणूस आजारी पडला म्हणजे त्याची हजेरी आजारी पडली, पगार कशाला आजारी पाडायचा? संध्याकाळी रजिस्टर काखेत मारून ते निघत. एकदा भट्टीवरच्या एकाचे दोन्ही हात भाजले. दवाखान्यात हाताला ही एवढाली बँडेजं. सही नाही, अंगठा नाही. बायको म्हणाली, माझ्याकडे द्या. मास्तर म्हणाले, कष्ट त्याचे, ठसा त्याचा. आणि चादर बाजूला करून त्यांनी त्याच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला. पाकीट छातीवर ठेवलं आणि म्हणाले, "मोजून घ्या." तो माणूस भाजलेल्या दुखण्यातही खदखदून हसला. त्याच्या बायकोनं मोजलं, त्यानं पाहिलं. वहिनी हे सांगताना पदराआड हसायची, पण तिची मान ताठ झालेली असायची.

मग बँक आली. पगार परस्पर खात्यात जाऊ लागला आणि खिडकीवर फळी ठोकली. मास्तरांना कोठारात हातमोजे मोजायला बसवलं. दोन वर्षं त्यांनी हातमोजे मोजले, उजवे वेगळे, डावे वेगळे. सात तारीख आली की सकाळी लवकर उठून दाढी करत आणि मग आठवण आली की आरशासमोर नुसते उभे राहत. साहेबांना बहुतेक वाईट वाटलं असावं, निवृत्तीच्या दिवशी उरलेल्या कोऱ्या पगार-पाकिटांचे चार खोके त्यांनी मास्तरांना नेऊ दिले. शिवाय एक चौकट दिली. काचेमागे लिहिलेलं, 'एकतीस वर्षांत एकाही पाकिटात चूक नाही.' चौकट बैठकीत लागली. खोके पलंगाखाली गेले. मास्तरही जवळजवळ पलंगाखालीच गेले म्हणायचे, कारण बोलणं नाही, चालणं नाही, खाल्लं तर खाल्लं.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते या धाकट्यानं. हे विसरून चालायचं नाही.

धाकटा छापखान्यात यंत्रावर होता. तिथे परदेशी खेळाचं एक जाड पुस्तक छापायला आलं होतं. बांधणीत एक प्रत बिघडली, ती बाद झाली, ती यानं घरी आणली. सोबत नाना तोंडांचे फासे, कुठला चार तोंडांचा, कुठला वीस. "दादा, हा खेळ असा आहे बघ," तो म्हणाला, "की जिंकायचं नाही, हरायचं नाही. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एकानं गोष्ट चालवायची. कामात हात घातला की फासा टाकायचा, काम झालं की नाही ते फासा सांगणार."

"आणि मग?"

"मग लढायचं, जगायचं. सोनं मिळवायचं."

"सोनं कोण देतं?"

धाकट्यानं पानं उलटली. सोनं कसं मिळतं ते पुस्तकात एक्क्याऐंशीव्या पानावर होतं म्हणे. पण ऐंशीनंतर एकदम सत्त्याण्णव. मधला सोळा पानांचा फर्माच नव्हता! म्हणून तर प्रत बाद झाली होती. गुहा होत्या, राक्षस होते, तलवारींच्या किमती पैशापर्यंत होत्या, पण मिळकतीचा रकाना कोरा.

पगारमास्तर उशीला टेकले होते ते उठून बसले. "म्हणजे ही माणसं खर्च करणार आणि यांना पगार कोण देणार हे कुणी लिहिलंच नाही?"

"नाही ना."

"मग मी लिहितो," मास्तर म्हणाले आणि पलंगाखालचा खोका ओढला.

तिथून तो खेळ सुरू झाला. दर रविवारी दुपारी, बैठकीतल्या टेबलावर. गोष्ट मास्तर चालवत. टेबलाशी धाकटा होता, शेजारची नर्सबाई होती आणि एक बसड्रायव्हर. जगात इतरत्र लोक हा खेळ कसा खेळत असतील ते खेळोत, गुहेत शिरत असतील आणि पोती भरून आणत असतील. इथे तसं नव्हतं. इथे सोंग घेतलं की पहिला प्रश्न, "काम काय करणार?" नर्सबाईचा जादूगार रोज संध्याकाळी गावातले दिवे मंत्रानं पेटवायचा, दिव्यामागे दर ठरलेला. ड्रायव्हरचा चोर सावकारांच्या पेढ्यांवर जाऊन त्यांची कुलपं उघडून दाखवायचा, की बघा, तुमचं कुलूप कच्चं आहे. कुलपामागे दोन मोहरा. धाकट्याचा योद्धा पुलावर पहारेकरी. रात्रीला चार मोहरा. मधूनमधून लढाया व्हायच्याच, पण लढाईसुद्धा कामाच्या वेळेत, जादा तासाचा दर वेगळा. आणि दर सात तारखेला, मग ती रविवारी येवो नाहीतर बुधवारी, टेबलावर खरी पाकिटं. नाव, हजेरी, कपात, निव्वळ. धाकट्यानं छापखान्यातून पुठ्ठ्याच्या चकत्या पाडून आणल्या होत्या, त्या पाकिटात. "मोजून घ्या." सही. टीपकागद. "पुढचा!"

ड्रायव्हर म्हणायचा, "मास्तर, दिवसभर बस चालवतो, महिनाअखेरीस पगार घेताना इतका आनंद होत नाही बघा."

"तिथे तुम्हाला कुणी मोजून घ्या म्हणतं का?"

"नाही."

"मग कसा होईल?"

वहिनीला त्या वेळी या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. जेमतेम दुसरीपर्यंत शिकलेली ती. नवरा पलंगावरून उठला, दाढी करू लागला, हसू लागला, यातच तिला सगळं मिळालं. ती चहा करायची, टेबलाखालचा केर काढायची, एवढाच तिचा खेळाशी संबंध.

तीन वर्षांनी ते भांडण झालं. नर्सबाई त्या दिवशी ड्युटीवर होती, ड्रायव्हर पान आणायला खाली गेलेला. घरात दोघेच भाऊ आणि वहिनी. पुढचं वर सांगितलंच आहे.

धाकटा गेला, पण त्याचं नाव रजिस्टरातून गेलं नाही. नर्सबाईनं विचारलं, "मास्तर, पुलावरचा पहारेकरी आता काढायचा ना?"

"का? त्यानं राजीनामा दिलाय का?"

"ते येत नाहीत म्हणून म्हटलं."

"भाऊ येत नाही. पहारेकरी पुलावर उभा आहे. रोज रात्री तिकडून गाड्या सुखरूप जातात, त्या कुणाच्या जिवावर?"

आणि सात तारखेला संध्याकाळी पगारमास्तर रजिस्टर काखेत मारून धाकट्याच्या घरी निघाले. कालव्यापलीकडे, तिसरा मजला. दार वहिनीच्या जाऊबाईनं उघडलं. धाकटा आत वर्तमानपत्र वाचत होता. तोंडावरचा कागद न हलवता म्हणाला, "रात्र आणलीस?"

"तीस रात्रींचे एकशेवीस आणलेत."

"एकतिसावी आणलीस का?"

"ती नियमानं कापली आहे."

"मग ने परत."

जाऊबाई बिचारी चहा घेऊन आली. मास्तरांनी तो उभ्यानंच घेतला, वाटपावर असताना ते बसत नसत. घरी येऊन रजिस्टरात लिहिलं, 'न वाटलेला', आणि पाकीट पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पुढच्या सातला पुन्हा गेले. त्याच्या पुढच्यालाही. "रात्र आणलीस?" "नाही." "मग ने परत." नऊ वर्षं! दोन्ही भाऊ एका पठडीतले, एक घेईना आणि एक सोडीना. जाऊबाई वहिनीला म्हणायची, "ताई, हे दोघं महिन्यातून तीन वाक्यं बोलतात, पण महिना चुकवत नाहीत. आमच्याकडे सात तारखेला हे दुपारपासून धुतलेला शर्ट घालून बसतात."

इकडे टेबलावर गंमतच झाली. तो सापडलेला फर्मा मास्तरांनी फेकला नाही. दोऱ्यानं बांधून पुस्तकात लावला, कारण छापलेलं ते छापलेलं. ड्रायव्हरच्या चोराला एकदा खरोखर ड्रॅगनच्या गुहेत तीनशे मोहरा सापडल्या. तो नाचायचाच बाकी होता. मास्तरांनी चष्मा पुसला. "ड्रॅगननं हे आणलं कुठून?"

"कुठून म्हणजे? लुटून."

"म्हणजे माल चोरीचा. ज्यांचा गेला त्यांची यादी करा."

यादी झाली. गावाचं गावाला गेलं, जखमींचं औषधपाणी झालं, तुटलेली ढाल, भाड्याचं खेचर, खेचर मेलं त्याची भरपाई. चोराच्या हातात उरल्या सतरा मोहरा. "आणि तिकडे पुलावरचा," ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "नुसता उभा राहून लखपती होतोय!" हो, होतच होता. पेटीतली पाकिटं वाढत होती. टेबलावरचा सगळ्यात श्रीमंत माणूस कोण, तर जो टेबलावर येत नव्हता तो.

भांडणानंतर तीन वर्षांनी वहिनीनं सोंग घेतलं. कुणी आग्रह केला नव्हता. एका रविवारी ती चहाचा ट्रे ठेवून तिथेच बसली आणि म्हणाली, "मला पुलावर चहाची टपरी टाकायची आहे."

"राक्षसांच्या राज्यात चहाची टपरी?" ड्रायव्हर हसला.

"का, राक्षसांना तल्लफ येत नाही? शिवाय भाऊजी रात्रभर एकटे उभे असतात तिथे. कुणीतरी असावं जवळ."

 मास्तरांनी रजिस्टरात नवी ओळ आखली आणि फूटपट्टी जरा जास्तच वेळ कागदावर दाबून धरली. टपरी झकास चालली. वहिनी गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घ्यायची, कप नंतर द्यायची. पहिल्या सातला तिला पाकीट मिळालं. आयुष्यातलं पहिलं. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं आणि अंगठा पुढे केला.

"सही कर," मास्तर म्हणाले.

"मला कुठे येते?"

"येत नाही म्हणून कुणाचा पगार अडलेला नाही. पण तू पुढच्या महिन्यात करशील."

आणि तिनं केली. नुसती दोन अक्षरं, पण तिरकी गेली नाहीत.

पण हौसेनं खेळायला बसली आणि नको ते ध्यानात आलं. दुसऱ्याच महिन्यात नर्सबाईच्या हातून फासा निसटून खाली गेला. वहिनी सवयीनं उचलायला वाकली, तर सगळे ओरडले, "अहो वहिनी, हात लावू नका! खालचा फासा बाद!"

"बाद म्हणजे?"

"म्हणजे धरायचा नाही. तोच माणूस उचलणार, पुन्हा टाकणार. पहिल्या पानावरचा नियम आहे, मास्तरांनीच लिहिलेला."

 वहिनीला तो भांडणाचा दिवस लख्ख आठवला. ती चहा घेऊन आली होती. धाकटा टेबलाच्या पलीकडे वाकून काहीतरी शोधत होता. मास्तर मान खाली घालून हजेरी भरत होते. आणि तिच्या पायाशी, टेबलाच्या पायाला टेकून, वीस तोंडांचा तो फासा पडला होता. घरात खाली पडलेलं दिसलं की उचलायचं, ही तिची चाळीस वर्षांची सवय. तिनं उचलला, पदराला पुसला, ट्रेच्या शेजारी ठेवला आणि आत गेली. खाली असताना वर कुठला आकडा होता तो देवाला ठाऊक. टेबलावरचा एक तिच्या बोटांनी पडला होता.

म्हणजे धाकटा खरं बोलत होता. आणि मास्तरही खरंच बोलत होते. खोटं कुणीच नव्हतं, फक्त मध्ये एक स्वच्छतेची आवड असलेली बाई होती.

सांगावं का? त्याच रात्री सांगणार होती. पण उशीला डोकं टेकताना बैठकीतली चौकट दिसायची. एकाही पाकिटात चूक नाही. मास्तरांकडे बंगला नव्हता, बँकेत फारसं काही नव्हतं, मूलबाळही नव्हतं. होतं ते हे एक वाक्य. काचेतलं. ती काच आपल्या हातानं कशी फोडायची? उद्या सांगू, सातच्या आधी सांगू, असं करता करता सहा वर्षं गेली. जिच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, त्या बाईनं हा धोंडा सहा वर्षं गिळून ठेवला. दर सातला मास्तर परत येऊन 'न वाटलेला' लिहीत, तेव्हा ती स्वयंपाकघरात नळ मोठा सोडायची.

मग मास्तरांचं हृदय कुरकुर करू लागलं. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. तिसरा मजला तर नावच काढू नका. एकशेआठवं पाकीट परत आलं त्या सातला मास्तर घामाघूम होऊन घरी आले आणि शर्ट न काढताच बसून राहिले. येत्या रविवारी चार्ज द्यायचा, त्यांनी ठरवलं. गोष्ट आणि रजिस्टर, दोन्ही नर्सबाईच्या ताब्यात.

रविवारी दुपारी सगळे जमले. चार्ज देणं म्हणजे मास्तरांच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. पेटी उघडली, पाकिटं मोजून दाखवली, एकशेआठ. रक्कम तेरा हजार एकशे अठ्ठेचाळीस मोहरा. शाईचा पॅड, टीपकागद, फासे, सगळं यादीप्रमाणे. मग शेवटच्या पानावर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सर्व नोंदी तपासल्या, बरोबर आहेत.' आणि सहीसाठी पेन उचललं.

"थांबा," वहिनी म्हणाली. "सही करू नका."

"का?"

"बरोबर नाहीत."

ड्रायव्हरचा कप तोंडाशी राहिला. मास्तरांनी पेन खाली ठेवलं नाही. "कुठली नोंद?"

"भाऊजींची रात्र. फासा खालीच पडला होता. मी उचलून वर ठेवला. मला नियम ठाऊक नव्हता हो. नंतर कळला, पण..." ती चौकटीकडे पाहू लागली. "पण तिथे ते लिहिलंय ना. माझ्यानं सांगवेना."

"कधी कळलं तुला?"

"सहा वर्षं झाली."

 नर्सबाई मास्तरांची नाडी बघायला हात पुढे करू की नको अशी बसलेली. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वहिनीनं इतकी वर्षं ज्या चेहऱ्याची धास्ती घेतली होती, तो चेहरा आलाच नाही. ते हसले. पार कानापर्यंत.

"वेडी की काय तू! चूक नाही असं साहेब म्हणाले. मी कधी म्हणालो? अगं, शेकड्यानं चुका केल्यात मी. एकाची हजेरी दुसऱ्याला, बाराच्या जागी एकवीस. पण चूक सापडली की दिवस मावळायच्या आत त्या माणसाच्या दारात फरक पोचता केला. चूक झाली नाही हे कुणीही म्हणेल. चूक राहिली नाही, हे म्हणायला पायात जोर लागतो."

"मग तुम्ही मला आधी का नाही..."

"तू विचारलंस कधी? काचेकडे बघत बसलीस." त्यांनी खोक्यातून एक कोरं पाकीट काढलं. "नऊ वर्षं तो एक हिशेब माझा जुळत नव्हता. तो खोटं बोलणारा नाही हे मला ठाऊक, आणि मी पाहिलं तेही मला ठाऊक. आज जुळला. नर्सबाई, चार मोहरा मोजा."

"मास्तर, जिने..." नर्सबाई म्हणाली.

"उद्या मी जाते घेऊन," वहिनी म्हणाली.

"उद्या?" मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. "तू चल हवं तर. फरकाच्या वाटपाला साक्षीदार लागतोच."

त्यांनी पाकिटावर लिहिलं. नाव: पुलावरचा पहारेकरी. हजेरी: रात्र एक. कपात: नाही. निव्वळ: चार. आणि खाली, कारणाच्या जागी: फासा खाली पडला होता. मग सात तारखेला घालायचा तो शर्ट घातला, खिशात दोन पेनं लावली, रजिस्टर काखेत मारलं. येणारी सात तारीख त्यांच्या नशिबात नव्हती, पण हे त्या दुपारी ना त्यांना ठाऊक होतं ना तिला. दोघं कालव्याच्या कडेनं चालत गेली, सावकाश, पुलावर जरा थांबून. तिथे पहारेकरी कुणीच नव्हता. मास्तरांनी तरी सवयीनं दोन्ही बाजूला पाहून घेतलं.

जिना दहा-दहा पायऱ्यांनी चढले. दर दहाव्या पायरीला मास्तर थांबत, वहिनी त्यांच्या पाठीला हात लावून उभी राही, आणि दोघंही असं दाखवत की जिन्याचा कठडा बघायला थांबलोय.

जाऊबाईनं दार उघडलं आणि दचकली. "आज? आज तर सात नाही! आणि ताई, तुम्ही?"

धाकटा खुर्चीत वर्तमानपत्र धरून होता. केस पांढरे झालेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. कागदामागून आवाज आला, "रात्र आणलीस?"

"आणली," पगारमास्तर म्हणाले.

वर्तमानपत्र हललं नाही. मग हळूहळू खाली आलं. धाकट्यानं आधी पाकिटाकडे पाहिलं, मग कारणाची ओळ वाचली, ओठ हलवत, पुन्हा वाचली. मग वहिनीकडे पाहिलं.

"मी उचलला होता, भाऊजी," ती म्हणाली. "पुसून वर ठेवला. खाली पडलेलं दिसलं की माझा हात राहत नाही."

"पुसून?" धाकटा म्हणाला. "फासा पुसून ठेवलात?"

"धूळ होती."

धाकट्याच्या तोंडून हसू की हुंदका असा काहीतरी आवाज निघाला. जाऊबाईनं पदर डोळ्यांना लावला. "नऊ वर्षं, दादा," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू मला खोटा समजतोस."

"खोट्या माणसाचं पाकीट कुणी तीन मजले चढवत नाही."

"आणि बाकीची?"

"पेटीत आहेत. तेरा हजार एकशे अठ्ठेचाळीस. टेबलावर तुझ्याएवढा श्रीमंत कुणी नाही."

"एकही ड्रॅगन न मारता?"

"नुसता कामावर उभा राहून," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा भरून आला की जणू ते सोनं खरंच होतं आणि त्यांनीच ते खणून काढलं होतं. वहिनीला त्या क्षणी आपला नवरा कुठल्याही राजाच्या खजिनदारापेक्षा उंच दिसला. पाच फूट तीन इंच होता, पण दिसला.

जाऊबाईनं खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना, भाऊजी. आज तरी."

"वाटप होऊ दे," मास्तर म्हणाले. त्यांनी रजिस्टर टेबलावर उघडलं, पाकीट पुढे सरकवलं. मग अंग ताठ करून, जसं एकतीस वर्षं जाळीमागून म्हणाले तसं, सख्ख्या भावालाही अहो-जाहो करत म्हणाले, "मोजून घ्या."

धाकट्यानं चकत्या तळहातावर घेतल्या. त्यानंच कधीकाळी पाडलेल्या, कडा मऊ पडलेल्या. अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या. एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजल्या. सही केली. खाली साक्षीदाराच्या जागी वहिनीनं पेन धरलं आणि आपली दोन अक्षरं काढली, जीभ दाताखाली धरून, सरळ ओळीत.

मास्तरांनी दोन्ही सह्यांवर टीपकागद दाबला, उचलून पाहिला, पेनाचं टोपण लावलं. रजिस्टर मिटलं. मग उघड्या दाराकडे वळले. बाहेर जिन्यात कुणीच नव्हतं, नुसतं कठड्यावर उतरलेलं ऊन होतं. तरी त्यांनी डोकावून पाहिलं.

"पुढचा!" ते म्हणाले.